त्याच चौकटीत लिही

गुंड्या अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या. डोक्यावरचे केस मोजण्याइतके उरलेले, लेक कॉलेजात, ऑफिसात सगळे अहो-जाहो करणारे. पण ताईच्या तोंडी तो जन्मापासून गुंड्याच, आणि ही गोष्ट निम्मी ताईची आहे म्हणून आपणही त्याला गुंड्याच म्हणू. ऑफिसात त्याला ‘आलेखवाले’ म्हणत. ‘आलेखवाल्यांना विचारा’, ‘आलेखवाले आले का?’ असं कानावर पडलं की स्वारी आतल्या आत फुलायची. खोटं कशाला बोला, त्याच्या जागी कुणीही फुललं असतं.

ऑफिस म्हणजे एका संस्थेचं मुख्य कार्यालय. या संस्थेचे शहरात पाच दवाखाने होते, साध्या माणसाला परवडणारे. बाजारातला, स्टेशनजवळचा, नदीकाठचा, नव्या वसाहतीतला आणि चढावरचा. या चढावरच्या दवाखान्यात गुंड्याची थोरली बहीण परिचारिका होती. एकोणीस वर्षं झाली होती तिला तिथे. डॉक्टर येत-जात, ताई तीच. गल्ली अशी उभी होती की लोक धापा टाकत वर यायचे, आणि ताई त्यांना खुर्चीत बसवता बसवता म्हणायची, “चला, निम्मी तपासणी झाली. इथवर चालत आलात म्हणजे लगेच काही मरत नाही तुम्ही.”

रोज दवाखाना बंद करताना प्रत्येक परिचारिकेने एका सामायिक शीटमध्ये त्या दिवशीच्या रुग्णांचा आकडा भरायचा, असा नियम झाला तेव्हा ताईला तो गुंड्यानेच फोनवर शिकवला. तिने मोबाइल टेबलावर उभा ठेवला होता आणि ती मोठमोठ्याने बोलत होती, जणू तो पलीकडच्या डोंगरावर बसलाय.

“तारखेसमोर चौकट आहे ना? तिच्यात आकडा टाक. झालं,” गुंड्या म्हणाला.

“आणि काही सांगण्यासारखं असलं तर?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय रे, आकडा मुका असतो. छत्तीस आले म्हणून लिहिलं. त्यातले तीस एकाच घरातले, शिळं खाऊन उलट्या करत आलेले, हे कुणाला कळणार?”

“मग लिही की.”

“कुठे लिहू? वेगळा रकाना करून देतोस?”

गुंड्याच्या दुसऱ्या कानाशी तेव्हा ऑफिसातलं कुणीतरी काहीतरी विचारत होतं. तो घाईघाईने म्हणाला, “कशाला वेगळा? त्याच चौकटीत लिही, आकड्याच्या पुढे. मी बघून घेईन.”

मी बघून घेईन! किती सहज म्हणतो आपण हे. म्हणणारा विसरतो, ऐकणारा विसरत नाही.

पण सुरुवातीला गुंड्याने खरंच बघून घेतलं, त्याला उगाच दोष द्यायला नको. महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो पाचही रकाने वरपासून खालपर्यंत वाचायचा, बेरीज करायचा, बेरजा आपल्या हाताने दुसऱ्या पानावर लिहायचा आणि त्यांचा पट्ट्यापट्ट्यांचा साधा आलेख काढायचा. चार रकाने पाच मिनिटांत संपायचे. चढावरच्या रकान्याला अर्धा तास लागायचा, कारण आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी ताई काहीतरी लिहून ठेवायची. ‘३४. दुपारी वीज गेली. मी टॉर्च धरला, डॉक्टरांनी टाके घातले, पेशंटच आम्हाला धीर देत होता.’ ‘४१. शिंपी आजोबा परत आले. दुखत काही नाही, गप्पा हव्यात. तरी मोजले.’ एकदा तर तिने लिहिलं होतं, ‘२९ आणि १ मांजर.’ गुंड्या खुर्चीत गदागदा हसला होता. त्याने तिथूनच फोन लावला होता.

“ताई, हे मांजर कुठल्या रकान्यात धरू? स्त्री की पुरुष?”

“बाळंतीण होती मेली. औषधांच्या कपाटाखाली चार पिल्लं घातली तिने. आता तू ठरव, एक धरतोस की पाच.”

अशी महिन्याकाठी दोघांची गाठ पडायची, आणि ती त्या रकान्यामुळे पडायची. एरवी बहीण-भाऊ एकाच शहरात राहून तीन-तीन महिने भेटायचे नाहीत. ती चढावरून खाली उतरायला कंटाळायची, त्याला वर चढायला वेळ नसायचा.

मग गुंड्याला हलत्या आलेखाचं वेड लागलं. दुपारी डबा उघडा ठेवून तो व्हिडिओ बघायचा आणि घास हातातच राहायचा. पट्ट्यापट्ट्यांचा आलेख म्हणजे भिंतीवर टांगलेला फोटो, असं त्याला वाटायला लागलं. आता आलेख जिवंत हवा! परिचारिकेने तिकडे आकडा टाकला की इकडे रेघ आपोआप पुढे सरकली पाहिजे. वरच्या यादीतून दवाखान्याचं नाव निवडलं की त्याच दवाखान्याची रेघ समोर यायला हवी. खाली महिन्यांची पट्टी हवी, ती सरकवली की सहा महिने, वर्ष, दोन वर्षं, हवा तो काळ दिसावा. महिन्याला चारशे रुग्णांपाशी एक आडवी तुटक रेघ, आणि तिच्याखाली गेलेला दवाखाना आपोआप लाल. एवढं सगळं त्याने अडीच महिने खपून एकट्याने केलं. मागचे सगळे महिने त्याने हाताने काढलेल्या बेरजांवरून भरून घेतले आणि पुढचे महिने सूत्रावर सोपवले. सूत्र बरोबर चालतंय का हे बघायला स्टेशनजवळच्या दवाखान्याची बेरीज हाताने केली. तंतोतंत जुळली. एक जुळली म्हणजे पाचही जुळल्या, असं तो धरून चालला.

आणि शेवटी, आलेखाचं पान स्वच्छ दिसावं म्हणून, रोजच्या आकड्यांचं पान त्याने आपल्याकडून लपवून टाकलं.

आता इथे एक बारीकशी गोष्ट सांगितली पाहिजे. शीटचं डोकं सरळ असतं. चौकटीत नुसता आकडा असला तर ते त्याला आकडा म्हणतं, उजव्या कडेला चिकटवतं आणि बेरजेत घेतं. आकड्यासोबत चार शब्द असले, की ते अख्ख्या चौकटीला मजकूर समजतं, डाव्या कडेला लावतं आणि बेरजेतून गाळतं. गाळलं म्हणून ओरडतही नाही. ‘४१. शिंपी आजोबा परत आले’ म्हणजे त्याच्या लेखी त्या दिवशी कुणीच आलं नाही. गुंड्याला हे माहीत नव्हतं असं नाही. नवशिक्यांना तो हेच पहिल्या दिवशी शिकवायचा! पण स्वतः ताईला काय सांगून बसलाय, ते त्याच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

जिवंत आलेख ऑफिसात सुरू झाला त्या दिवशी चिटणीस बाईंनी सगळ्यांना चहा पाजला. संस्थेचे अध्यक्ष, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, यादीतून एकेक दवाखाना निवडत होते आणि रेघ हलली की लहान पोरासारखे “वा!” म्हणत होते. गुंड्या हात बांधून कोपऱ्यात उभा होता. आयुष्यात एवढं कौतुक त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

त्या महिन्याअखेरीला त्याला रकाने वाचावे लागले नाहीत. पुढच्याही नाही. ताईचा फोन आला तर तो म्हणायचा, “ताई, मीटिंगमध्ये आहे, मागाहून करतो.” बायको विचारायची, “ताईंना केलात का हो फोन?” तो म्हणायचा, “उद्या करतो.” उद्या काही उगवायचा नाही.

सहा-सात महिन्यांत चढावरची रेघ खाली घसरायला लागली. एकदम नाही, हळूहळू, पायऱ्या उतरल्यासारखी. आठशे, सातशे, साडेपाचशे. गुंड्याने ते पाहिलं. पण रेघ इतकी सफाईने उतरत होती की तिच्यावर शंका घ्यावी असं वाटेना. दहाव्या महिन्यात ती चारशेच्या खाली गेली आणि लाल झाली. अकराव्यात दोनशेच्याही खाली.

अकरावा महिना संपता संपता कार्यकारी मंडळाची बैठक झाली. भिंतीवरच्या पडद्यावर अध्यक्षांनी स्वतः यादीतून ‘चढावरचा’ निवडला. लाल रेघ सगळ्यांच्या समोर आली.

“हे काय झालं?” अध्यक्ष म्हणाले.

सगळे गुंड्याकडे बघायला लागले. आणि गुंड्याने काय करावं? ‘माहीत नाही, बघून सांगतो,’ एवढंच म्हणायचं होतं हो! पण आलेखवाल्याने माहीत नाही म्हणायचं म्हणजे कसं? तो उठला, दोन रेघा एकावर एक ठेवून दाखवल्या आणि म्हणाला, “नव्या वसाहतीतल्या दवाखान्याची संख्या याच काळात वाढलीय. लोक चढ टाळून तिकडे जात असणार.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकायला किती पटणारं होतं ते.

चिटणीस बाई तेवढ्या जरा घुटमळल्या. “आकडे तपासलेत ना?”

“बाई, आकडे थेट तिथून येतात,” गुंड्या म्हणाला. “मधे माणसाचा हातच नाही.”

ठरलं असं, की चढावरच्या दवाखान्याला पत्र पाठवायचं, आणखी एक महिना बघायचं आणि सुधारणा नसेल तर बंद करायचा. पत्रासोबत आलेख जोडला गेला. गुंड्याच्या मनात आलं, आज संध्याकाळी वर जाऊन ताईला आधी तोंडी सांगावं. मग वाटलं, बहिणीला आतली बातमी दिली असं कुणी म्हटलं तर? तो गेला नाही. पत्र टपालाने गेलं.

त्याला वाटलं होतं ताईचा फोन येईल, ती तणतणेल. फोन आला नाही. हा गडी मनातल्या मनात सुटल्यासारखा झाला, हे लिहायला मलाच लाज वाटते, पण झालं खरं.

महिना संपला आणि आलेखाने उडी मारली. एकशे नव्वदवरून थेट एक हजार सहा! लाल रेघ हिरवी होऊन वरच्या कडेला टेकली. बैठकीत अध्यक्षांनी नाव निवडलं आणि ते हसले, पण ते हसू बरं नव्हतं.

“पत्र गेल्यावर एका महिन्यात पाचपट माणसं आजारी पडली म्हणायची.”

“आकडे फुगवलेत,” चष्मेवाले एक सभासद म्हणाले. “दवाखाना वाचवायला हवे ते आकडे भरलेत. एवढं करायला नको होतं.”

गुंड्याची कानशिलं तापली. ताई आणि खोटा आकडा? जी बाई गप्पा मारायला आलेला म्हातारा मोजताना ‘तरी मोजले’ असं लिहून ठेवते, ती? त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, ‘थांबा, मी एकदा मूळ पान उघडून बघतो.’ पण मग मान्य करावं लागलं असतं की जिवंत आलेखात काहीतरी चुकत असेल. आणि दुसरं म्हणजे, बहीण म्हणून बाजू घेतो असं चार लोक म्हणाले असते. या दोन कारणांपैकी मोठं कारण कोणतं होतं, हे त्याने स्वतःलासुद्धा फार उशिरा सांगितलं. तेव्हा तो समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत बसला आणि दवाखाना बंद करायचा ठराव मंजूर झाला.

पुढच्या महिन्याच्या शेवटी दवाखाना बंद झाला. डॉक्टरांना नव्या वसाहतीत पाठवलं, जागा मालकाला परत दिली. ताईची नोकरीची दोन वर्षं उरली होती. तिला बाजारातल्या दवाखान्यात मदतनीस म्हणून ये म्हटलं, ती नको म्हणाली आणि घरी बसली.

सोमवारी सकाळी चिटणीस बाई गुंड्याच्या टेबलाशी आल्या. “आलेखवाले, यादीतून चढावरचा काढून टाका. उगाच दिसायला नको.”

नाव काढायचं तर मूळ पानाला हात लावणं भाग होतं. त्याने वर्षभराहून अधिक काळ लपवून ठेवलेलं ते पान उघडलं.

चार रकाने उजव्या कडेला ओळीने उभे होते. पाचवा डाव्या कडेला टेकला होता. वाचायच्या आधीच, नुसत्या त्या डाव्या-उजव्यावरून गुंड्याला सगळं कळलं. एवढ्या वर्षांचा हात होता त्याचा. तो वरून वाचायला लागला.

सुरुवातीला आठवड्यात एक-दोनच नोंदी होत्या, पूर्वीसारख्या. ‘३८. मांजराची पिल्लं मोठी झाली. दोन दिली, एक तुझ्या लेकीला हवं का विचार.’ लेकीला कुणी विचारलं नव्हतं. मग नोंदी वाढत गेल्या. ‘४४. आज एक बाई अगदी आपल्या आईसारखी खोकली. क्षणभर दचकले. तुला आईचा आवाज आठवतो का रे?’ ‘३९. तुला फोन केला होता. कामात असशील.’ ‘४७. शिंपी आजोबांनी माझ्या ॲप्रनचा खिसा शिवून दिला. फी म्हणे.’ ‘५१. माझा गुडघा बोलायला लागलाय. तू एकदा वर ये, तुला कळेल चढ म्हणजे काय ते.’

सांगण्यासारखं काही घडायचं ते गर्दीच्या दिवशी, म्हणून मजकूर असायचा तो गर्दीच्याच दिवशी. आणि भाऊ हसत नाही, फोन करत नाही, म्हणून ती त्याला बोलतं करायला जास्त-जास्त लिहीत गेली होती. ती जितकं लिहीत गेली तितकी रेघ खाली आली. शेवटच्या दोन महिन्यांत जवळजवळ रोजच काहीतरी होतं. महिन्याला जेमतेम आठ-दहा ओस दिवस उजवीकडे उरले होते, आणि मंडळाला दिसले होते तेवढेच.

‘४८. गुंड्या, वाचतोस ना?’

‘५२. वाचत असशील तर नुसतं हो लिही. इथेच, शेजारी.’

‘४५. बरं.’

आणि मग, पत्र पोचलं त्या दिवशीची नोंद. ‘४३. पत्र आलं. तू वाचत नव्हतास हे आता कळलं. यापुढे फक्त आकडे लिहीन.’

त्याच्या खालचा सगळा रकाना उजवीकडे उभा होता. ४०. ३९. ४४. ४१. एकही शब्द नाही. आलेखाने मारलेली उडी ती हीच होती. कुणी आकडे फुगवले नव्हते. ताई फक्त बोलायची थांबली होती.

गुंड्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तो चढ चढला. मधे दोनदा थांबावं लागलं. दवाखान्याच्या दाराला नवं कुलूप होतं आणि पायरीवर एक म्हातारा बसला होता, मांडीवर कापडाची पिशवी घेऊन.

“बंद झालाय हो, आजोबा,” गुंड्या म्हणाला.

“माहितेय,” म्हातारा म्हणाला. “दुसरीकडे कुठे जाऊ? ते लोक लगेच विचारतात, काय होतंय.”

ताईचं घर तिथून वर तिसरं. दार उघडंच होतं. ती खिडकीपाशी गुडघ्याला पट्टी बांधत बसली होती. त्याला पाहून उठली नाही.

“आलास? बस. पाणी घे आधी, लाल झालायस.”

“ताई, मी आज पान उघडलं.”

“हं.”

“सगळं वाचलं.”

“बरं केलंस.”

त्याला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल, निदान पूर्वीसारखी टोमणा मारेल. ती पट्टी बांधत राहिली. त्यालाच शेवटी राहवेना.

“तू सांगितलं का नाहीस त्यांना? तुझ्याकडे वही होती, रोजचे आकडे होते. एक पत्र टाकलं असतंस तरी दवाखाना राहिला असता!”

“टाकलं असतं. लिहूनही ठेवलं होतं.” तिने पट्टीची गाठ मारली. “मग विचार केला, पहिला प्रश्न काय येईल? आकडे बघायचं काम कुणाचं? तुझी लेक अजून शिकतेय.”

गुंड्या दाराच्या चौकटीला टेकला.

“वहीशी ताडलं तेव्हा कळलं, लिहिलेले दिवस गळलेत. म्हटलं, नुसते आकडे टाकले की तू स्वतःच बघशील. एकदम हजार दिसले की तरी तुझ्या डोक्यात प्रकाश पडेल, ही बया अशी कशी उडी मारते, बघू तरी. बघितलं असतंस तर तुझं तूच निस्तरलं असतंस, कुणाला कळलंही नसतं. एक महिना वाट बघितली मी.” ती थांबली. “त्या बैठकीत होतास ना तू?”

“होतो.”

“मी आकडे फुगवले असं म्हणाले म्हणे, तेव्हा?”

“होतो.”

“काय म्हणालास?”

गुंड्याने मान खाली घातली.

“दवाखान्याचं मला वाईट वाटतंच,” ताई म्हणाली. “पण त्याहून वाईट कशाचं वाटतं सांगू? मी वर्षभर तुझ्याशी बोलत होते रे. पेशंट गेले की हात धुऊन बसायचे आणि विचार करायचे, आज गुंड्याला काय सांगू.”

तो तिच्या पायाशी बसला आणि रडला. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, हुंदके देऊन रडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. पाण्याचा पेला तेवढा त्याच्याकडे सरकवला.

“मी उद्या सगळं सांगतो त्यांना,” तो म्हणाला.

“सांग. माझ्यासाठी नको. त्या पायरीवर बसलेल्या माणसासाठी सांग.”

त्याने सांगितलं. चिटणीस बाईंसमोर, मग पूर्ण मंडळासमोर, काही न लपवता. पान उघडून दाखवलं, ताईची वही शेजारी ठेवली. खरे आकडे भरले तेव्हा चढावरची रेघ पाचांत सगळ्यांत वर गेली. चष्मेवाले सभासद चष्मा पुसत राहिले. पण जागा दुसऱ्याला दिली गेली होती, डॉक्टर नव्या ठिकाणी रुळले होते, वर्षाचं नियोजन मंजूर झालं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा विचार करू, असं ठरलं. ताईला दिलगिरीचं पत्र गेलं. आणि गुंड्याला काय शिक्षा झाली म्हणाल? काही नाही! अध्यक्षांनी उठून त्याचा हात हातात घेतला, “चूक कुणाकडूनही होते, कबूल करायला धैर्य लागतं,” म्हणाले. नोकरी राहिली, आलेख राहिला, आलेखवाले हे नावही राहिलं. कुणीतरी दोन शब्द घालून पाडून बोललं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने शीटमध्ये शेऱ्यांसाठी वेगळा रकाना केला. दहा मिनिटांचं काम होतं ते. आता तो रोज सकाळी मूळ पान उघडतो आणि प्रत्येक चौकट वाचतो. बाकीच्या चौघी परिचारिका शेरे लिहीत नाहीत. लिहायची त्यांना सवय नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांना गरजही नाही.

यादीतून त्याने चढावरचा काढला नाही. ताईचा रकाना उघडा ठेवला, तिला लिहिता येईल असा. मंडळासमोर बोलून आला त्या दिवशी त्याने तिच्या रकान्यात, त्या तारखेच्या चौकटीत लिहिलं, ‘हो. वाचतोय.’ दुसऱ्या दिवशी लिहिलं, ‘ताई, लेकीला मांजराचं पिल्लू चालेल म्हणते. आहे का अजून?’ तिसऱ्या दिवशी लिहिलं, ‘मला आईचा आवाज आठवतो.’ असे सतरा दिवस गेले. त्याच्या ओळी डाव्या कडेला एकाखाली एक उभ्या राहिल्या. तो रविवारी चढ चढून जायचाही. ताई चहा करायची, गुडघ्याचं बोलायची, गल्लीतलं बोलायची. शीटचा विषय ती काढत नव्हती आणि त्याची काढायची हिंमत नव्हती.

अठराव्या दिवशी सकाळी त्याने पान उघडलं तर त्या दिवशीच्या चौकटीत आधीच काहीतरी होतं, आणि ते त्याने लिहिलेलं नव्हतं. त्याने चष्मा वर केला आणि वाकून बघितलं. शब्द नव्हता. उजव्या कडेला नीट चिकटलेला, एकटा आकडा होता.

०

आलेखाने तो लगेच घेतला.